छंद इलेक्ट्रॉनिक्सचा : घरच्या घरी सुरुवात कशी करावी?

(संस्थेच्या वार्षिक समारंभानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण. भाषक माध्यमिक शाळेत शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी बी.ए., बी.एड. झालेला, वर्गात मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. इलेक्ट्रॉनिक्सवर बोलायला विज्ञानाचे शिक्षक यायला हवे होते, असे कुणी म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. परंतु हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. विज्ञानाची पदवी नसलेल्या माणसालाही हा छंद घरच्या टेबलावर सुरू करता येतो, हे सांगायला माझ्यासारखाच माणूस बरा. घरात कुणी इंजिनीयर नाही, वडील परगावी किंवा परदेशात नोकरीला, आईला घरकामातून सवड नाही, अशाच घरांतली मुले माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आपल्या घरांत आज यंत्रांना तोटा नाही. मोबाईल आहे, टी.व्ही. आहे, मिक्सर आहे, इन्व्हर्टर आहे. आखाती देशांतून सुट्टीवर येणारे आप्त नवनवी उपकरणे घेऊन येतात. पण यांपैकी एकाच्याही पोटात काय आहे, हे घरातल्या कुणाला ठाऊक नसते. बिघडले की दुकानात, आणि दुकानदाराने मान हलवली की भंगारात. मुलाने कुतूहलाने एखादे झाकण उघडले, तर आपण पहिले वाक्य काय उच्चारतो? "हात लावू नकोस!"

हे वाक्य प्रेमापोटी येते, काळजीपोटी येते, हे मला मान्य आहे. विजेचा धक्का ही थट्टेची गोष्ट नव्हे. परंतु पालकहो, एका गोष्टीचा विचार करा. मनाई केल्याने मुलाचे कुतूहल मरत नाही, ते फक्त लपते. दुपारी घरची माणसे जरा आडवी झाली की तेच मूल स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मोबाईलचा चार्जर उघडते, किंवा भिंतीवरच्या बोर्डात डोकावते. खरा धोका तिथे आहे. कुतूहलाला आपण उजेडातले, सुरक्षित टेबल दिले नाही, तर ते अंधारात स्वतःची जागा शोधते. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकीचे जे सांगणार आहे, ते त्या टेबलावर काय ठेवावे आणि काय ठेवू नये, याचा तपशील आहे.

पहिला नियम

सर्वांत आधी एक नियम. विद्यार्थी मित्रांनो, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपला प्रत्येक प्रयोग बॅटरीवर चालेल. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेवर एकही नाही. त्या विजेवर आपले फक्त सोल्डरिंगचे आयर्न तापेल, तेही चांगल्या प्लगवर, ज्याची तार कुठे सोललेली नाही अशा आयर्नवर आणि घरात मोठे माणूस असताना.

याच नियमाच्या चार पोटकलमांची नोंद घ्या. जुना पेटीसारखा टी.व्ही. उघडायचा नाही, त्याच्या आत बंद केल्यानंतरही वीज साठून राहू शकते. मोबाईलचा चार्जर आणि इन्व्हर्टर उघडायचा नाही, कारण तेच. मोबाईलची बॅटरी, मग ती जुनी असो वा फुगलेली, टोचायची नाही, वाकवायची नाही, तिच्यावर सोल्डर करायचे नाही, ती पेट घेऊ शकते. आणि पाण्याची मोटार, पंखा, दिवा यांची जोडणी वायरमनच करील, आपण नाही.

नऊ व्होल्टची जी छोटी चौकोनी बॅटरी मिळते, तिच्यावर शिकण्यासारखे इतके आहे, की शालेय वयात ते संपणार नाही.

सामान काय लागते?

हा छंद श्रीमंतांचा नाही. २५ वॅटचे एक सोल्डरिंग आयर्न आणि ते ठेवायचे स्टँड, सोल्डरच्या तारेचे लहान रीळ, एक नोज प्लायर, एक कटर, एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि एक ब्रेडबोर्ड एवढ्यावर काम सुरू होते. ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यात सुटे भाग नुसते खोचून सर्किट जुळवता येते आणि चुकले तर उपटून पुन्हा लावता येते. हे सारे सामान साधारण हजार रुपयांच्या घरात येते. दोन-तीन शेजारी घरांनी मिळून घेतले, तर ओझे आणखी हलके होते. सुटे भाग तर फारच स्वस्त आहेत. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांना मिळतो आणि लहान ट्रान्झिस्टर काही रुपयांना.

मुंबईला कुणी जाणारे असेल, तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, या सामानाचे मोठे पेठेचे ठिकाण आहे. पुण्यात बुधवार पेठेत अशी दुकाने आहेत. आता तर घरबसल्या मोबाईलवरून मागवले तरी टपालाने सामान येते. तालुक्याच्या गावचा टी.व्ही. दुरुस्त करणारा कारागीरही विनंती केली तर चार रेझिस्टर देतो, आणि मुलाने नीट विचारले तर चार गोष्टीही सांगतो. त्याच्या दुकानात मुलाला अर्धा तास उभे राहू द्या. तेही शिक्षणच आहे.

पहिला दिवा

पहिल्या दिवशी आयर्न तापवायचेच नाही. ब्रेडबोर्डवर एक लाल एल.ई.डी. लावायचा. एल.ई.डी.चे दोन पाय असतात. लांब पाय अधिक, आखूड पाय उणे. उलटा लावला तर तो पेटत नाही. आणि थेट बॅटरीला जोडला, तर क्षणभर झगझगून कायमचा जातो. म्हणून वाटेत एक रेझिस्टर घालावा लागतो. केवढा घालायचा? इथे आठवी ते दहावीच्या पुस्तकातला ओमचा नियम उपयोगी पडतो.

बॅटरी नऊ व्होल्टची. लाल एल.ई.डी. स्वतःकडे सुमारे दोन व्होल्ट ठेवतो. उरले सात. आपल्याला त्यातून १५ मिलीअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअर एवढाच प्रवाह जाऊ द्यायचा आहे. सात भागिले ०.०१५ म्हणजे सुमारे ४६७. बाजारात ४६७ ओमचा रेझिस्टर मिळत नाही, ४७० चा मिळतो. त्यावर पिवळा, जांभळा आणि तपकिरी असे तीन पट्टे असतात. पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात आणि तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. झाले ४७०. शेजारी थोडा दूर जो सोनेरी पट्टा असतो, तो सांगतो की खरी किंमत पाच टक्के इकडेतिकडे असू शकते.

जे सूत्र परीक्षेपुरते पाठ केले होते, ते वापरून मुलाने हिशेब केला, दुकानातून भाग आणला, लावला आणि दिवा लागला. त्या दिवसापासून ते सूत्र त्याचे झाले. ते विसरण्याची भीती मग उरत नाही.

या नियमाला ज्यांचे नाव आहे, त्यांची हकिकत या सभेत सांगण्यासारखी आहे. जॉर्ज सायमन ओम यांचा जन्म १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगन गावी झाला. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण झालेले नव्हते, पण त्यांनी खटपटीने गणित आणि विज्ञान आत्मसात केले आणि आपल्या मुलांना घरी बसून शिकवले. पुढे ओम कलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक झाले. विजेवरच्या प्रयोगांची उपकरणे त्यांनी स्वतः बनवली, आणि वडिलांच्या कारखान्यात पाहिलेले हातकाम त्यांना तिथे कामाला आले. १८२७ साली त्यांनी आपला नियम पुस्तकरूपाने मांडला. सुरुवातीला त्यांच्या देशात त्याची फारशी कदर झाली नाही. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले. आज जगभर रोधाचे एककच त्यांच्या नावाने मोजले जाते. पालकहो, या गोष्टीतला कुलुपे बनवणारा बाप विसरू नका. त्याला पदवी नव्हती, पण मुलाशेजारी बसायला वेळ होता.

सोल्डरिंग आणि कल्हई

ब्रेडबोर्डवर दोन-चार दिवे लावून झाले, की मग सोल्डरिंग. हे शब्द नवे असले तरी काम आपल्या ओळखीचे आहे. आपल्या आई-आजींनी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेतलेली आहे. कल्हईवाला काय करतो ते आठवा. तो आधी भांडे घासून स्वच्छ करतो. मग भांडे तापवतो. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो, त्याने धातूवरची मळी निघते. मग कथील लावतो, आणि ते तापलेल्या भांड्यावर आपोआप वितळून कापसाच्या बोळ्याने सरसर पसरते. भांडे थंड असेल तर कथलाचा गोळा होतो आणि तो पोपड्यासारखा निघून येतो.

सोल्डरिंगचे शास्त्र हेच आहे. नेहमीच्या सोल्डरच्या तारेत कथील आणि शिसे असते, साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे. ही तार १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते. तारेच्या आत पोकळीत राळ भरलेली असते. नवसागराचे काम इथे ती राळ करते. म्हणून वेगळे आम्ल वगैरे लावायची गरज नाही, ते भागांना खाऊन टाकते.

आता कृती ऐका. आयर्नच्या टोकाला बिट म्हणतात. ती तापली की ओल्या स्पंजवर पुसून तिला किंचित सोल्डर लावून घ्यायचे, म्हणजे ती चकचकीत होते. मग बिट अशी टेकवायची, की बोर्डावरचा तांब्याचा ठिपका आणि भागाचा पाय दोन्ही एकदम तापतील. दोन सेकंद थांबायचे. मग सोल्डरची तार त्या जोडावर टेकवायची. बिटेवर टेकवायची नाही. तापलेल्या जोडावर सोल्डर स्वतः वितळून पसरते. लगेच आधी तार काढायची, मग आयर्न काढायचे, आणि दोन-तीन सेकंद जोड हलू द्यायचा नाही. फुंकर मारायची नाही. चांगला जोड चमकतो आणि लहानशा डोंगरासारखा उतरत जातो. वाईट जोड मंद, गोल, वर बसलेल्या थेंबासारखा दिसतो. दुरुस्तीवाले त्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. तो दिसतो जोडलेला, पण वीज जाऊ देत नाही. थंड भांड्यावरची कल्हईच ती.

भागांना हात घालण्याआधी सरावासाठी निकामी, बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यातला बोर्ड घ्या. त्यावर वीस-पंचवीस जोड करा, पुन्हा काढा. विसाव्या जोडानंतर हात बसतो.

आता काळजीच्या गोष्टी. खिडकी उघडी हवी, राळेचा धूर डोळ्यांना आणि छातीला त्रास देतो. ज्यांना दम्याचा विकार आहे त्यांनी हे काम डॉक्टरांना विचारूनच करावे. सोल्डरमध्ये शिसे असल्याने काम करताना काही खायचे नाही, तार तोंडात धरायची नाही आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे. शिसेविरहित सोल्डरही मिळते, त्याला थोडी अधिक उष्णता लागते. घरात रांगते मूल असेल तर या टेबलाखालची जागा रोज पुसून घ्या. मुलींनी ओढणी आणि केस मागे बांधावेत, मुलांनी सैल बाह्या दुमडाव्यात. आयर्न पडू लागले तर ते झेलायचे नाही, पडू द्यायचे. जमिनीवरची फरशी भाजून निघाली तरी चालेल. आणि बोट भाजलेच तर ते नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरायचे. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतले काही लावायचे नाही.

घराच्या उपयोगाचे पहिले यंत्र

पुष्कळ गावांत नळाला पाणी ठरावीक वेळच येते. टाकी भरली की नाही पाहायला कुणीतरी जिना चढते, किंवा विसरते आणि पाणी वाहून जाते. मुलाने घराला करून द्यावे असे पहिले यंत्र म्हणजे टाकी भरल्याची सूचना देणारा भोंगा. त्याला भाग लागतात मोजके : बी.सी. ५४७ नावाचा एक ट्रान्झिस्टर, १० किलो-ओमचा एक रेझिस्टर, ज्याचे पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी, बॅटरीवर वाजणारा एक छोटा बझर, नऊ व्होल्टची बॅटरी, तिची टोपी, आणि भाग बसवायला ज्याला दुकानात झिरो पी.सी.बी. म्हणतात त्याचा एक तुकडा.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले, तर डावीकडून पहिला पाय कलेक्टर, मधला बेस, उजवा एमिटर. आता जोडणी लिहून घ्या. बॅटरीच्या अधिक टोकापासून एक तार बझरच्या अधिक टोकाला. तिथूनच दुसरी तार टाकीत सोडायच्या पहिल्या पट्टीला. टाकीतल्या दुसऱ्या पट्टीपासून तार १० किलो-ओमच्या रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला. बझरचे उणे टोक कलेक्टरला. एमिटर बॅटरीच्या उणे टोकाला. झाले.

हे चालते कसे? टाकीतल्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना न लागता, टाकीच्या तोंडाशी, पाण्याने शेवटी गाठावे अशा उंचीवर टांगायच्या. पाणी तिथवर आले की पाण्यातून अगदी क्षीण प्रवाह बेसला पोचतो. एवढ्याशा प्रवाहाने ट्रान्झिस्टरचे दार उघडते आणि कलेक्टरमधून त्याच्या शंभरपटीहून अधिक प्रवाह जाऊ शकतो. त्याने बझर वाजतो. एवढ्या क्षीण खुणेने मोठा प्रवाह हलवणारा हा शोध अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात लागला आणि त्याबद्दल बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज खिशातल्या मोबाईलमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. आपल्या भोंग्यात एकच आहे, पण त्याचे तत्त्व तेच.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. पट्ट्या स्टीलच्या घ्या, तांब्याच्या लवकर हिरव्या पडतात. स्टीलवर साधे सोल्डर बसत नाही, म्हणून तार स्क्रूने आवळा. पाण्यातून एकाच दिशेने वीज गेल्याने स्टीलच्या पट्ट्यांवरही हळूहळू थर चढतो, तो महिन्यातून एकदा घासून काढा. आणि मोटार बंद करण्याचे काम भोंगा ऐकून घरातले मोठे माणूसच करील. आपला भोंगा नुसता हाक मारतो.

हेच सर्किट पावसाळ्यात कामाला येते. पट्ट्यांऐवजी झिरो पी.सी.बी.वर सोल्डरच्या दोन समांतर रेघा जवळजवळ ओढा आणि तो तुकडा अंगणात ठेवा. पहिले थेंब पडले की बझर वाजेल आणि दोरीवरचे कपडे किंवा सुपातले पापड वेळेवर आत येतील.

चालले नाही तर?

आता सर्वांत महत्त्वाचे. हा भोंगा पहिल्या खेपेस बहुधा वाजणार नाही. मित्रांनो, निराश होऊ नका, कारण खरा धडा इथून सुरू होतो.

वर्गात चूक झाली की शिक्षक लाल रेघ मारतो आणि गुण कापतो. सर्किट रेघ मारत नाही, रागावत नाही, तोंड पाहून गुण देत नाही. ते फक्त वाजत नाही. चूक कुठे आहे ते तुम्हालाच शोधायचे असते, आणि ती शोधण्याची रीत आहे. घाईने सगळे उपटायचे नाही. अर्धे-अर्धे करून तपासायचे.

आधी मल्टिमीटरने बॅटरी पाहा. नऊच्या ठिकाणी सहा-सात व्होल्ट दिसले तर बॅटरी थकली आहे. ती ठीक असेल तर बझर थेट बॅटरीला लावून पाहा. वाजला? मग दोष बझरात नाही. आता टाकीच्या दोन्ही पट्ट्या क्षणभर एकमेकींना टेकवा. वाजला? मग ट्रान्झिस्टरही ठीक, दोष पाण्याच्या बाजूला. नाही वाजला? मग ट्रान्झिस्टर उलटा बसला आहे का पाहा. पट्ट्या टेकवून बेस आणि एमिटर यांमध्ये मोजा. ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसायला हवेत. शून्य दिसले तर वाटेत एखादा जोड ड्राय आहे. लाकडी काडीने प्रत्येक भाग हलकेच दाबून पाहा, कुठे दाबल्यावर बझर कुरकुरतो ते शोधा. शेवटी भिंगातून पाहा, शेजारचे दोन ठिपके सोल्डरच्या थेंबाने जोडले गेले आहेत का.

आमच्या शाळेतल्या एका नववीतल्या मुलीचा भोंगा तीन दिवस वाजला नाही. तिचे वडील सुट्टीवर घरी आलेले. त्यांना यातले काही कळत नव्हते, पण ते रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसत आणि तिने सांगितलेले आकडे वहीत लिहीत. तिसऱ्या दिवशी वहीतले आकडे पाहूनच तिच्या लक्षात आले की एमिटरच्या जोडावर पाणी मुरते आहे, म्हणजे जोड ड्राय आहे. तो तिने पुन्हा केला आणि बझर वाजला. ती मला म्हणाली, "सर, वाजल्याचा आनंद झालाच, पण का वाजत नव्हता ते मलाच सापडलं." पालकहो, तिने उच्चारलेला 'मलाच' हा शब्द कोणत्याही शिकवणीत विकत मिळत नाही.

पुढची पायरी

भोंगा जमला की ५५५ नावाच्या आठ पायांच्या आय.सी.कडे वळा. हान्स कामेंझिंड यांनी ती १९७१ मध्ये रचली, १९७२ पासून ती बाजारात आली आणि पन्नास वर्षांनंतरही मुलांचे शिक्षण तिच्यावरच सुरू होते. तिच्याबरोबर १ किलो-ओम, ६८ किलो-ओम आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर योग्य रीतीने जोडला, तर दिवा हिशेबाने सेकंदाला सुमारे एकदा लुकलुकतो. घड्याळ लावून साठ सेकंदांतले झपके मोजा. आकडा साठ न येता पन्नास किंवा सत्तर आला, तर ते का, याचा विचार करा. कपॅसिटरवर लिहिलेली किंमत पुष्कळदा वीस टक्के इकडेतिकडे असते. पुस्तकातला आकडा आणि जगातला आकडा यांत असा फरक असतो, हे कळणे म्हणजे विज्ञान कळू लागणे. कपॅसिटरच्या अंगावरचा पांढरा पट्टा उणे बाजूला असतो, तो उलटा लावू नका.

पालकांना शेवटची विनंती

आता पालकांकडून मी चार गोष्टी मागतो. घरात एक कोपरा द्या. जुने टेबल आणि त्यावर लाकडी फळी पुरे. आठवड्यातून दोन संध्याकाळी द्या. दहावीच्या वर्षी त्या कमी करा, पण पूर्ण बंद करू नका. या छंदाने गुण वाढतील असे वचन मी देत नाही, ते वचन खोटे ठरेल. तिसरी गोष्ट, "हे मेस्त्रीचे काम" असे म्हणू नका. मेस्त्री बोलावल्याशिवाय आपले घर एक महिना चालत नाही, मग त्या कामाला कमी कसे लेखायचे? आपल्यातले कितीतरी लोक परदेशात यंत्रांजवळच काम करतात. तिथे मदतनीस म्हणून जाणे आणि तंत्रज्ञ म्हणून जाणे यांतला फरक त्यांना विचारा. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आहे. घरच्या टेबलावर ज्याचा हात बसला आहे, त्याला तिथे पहिल्या दिवशी परके वाटत नाही.

आणि चौथी गोष्ट, हे टेबल फक्त मुलांचे ठरवू नका. बारीक जोडाला स्थिर हात आणि चिकाटी लागते. ती भरतकाम करणाऱ्या, शिवणयंत्र चालवणाऱ्या आपल्या मुलींकडे आधीपासून आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे माझे मागणे एकच. जे कराल ते आईला दाखवून करा. दार लावून, लपून काही उघडू नका. तुम्ही नियम पाळता हे एकदा घराला पटले की "हात लावू नकोस" हे वाक्य आपोआप बंद होईल, आणि त्याऐवजी "जरा हे बघून दे" असे ऐकू येईल. घरातल्या कुणी तुम्हाला असे म्हणावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र मला ठाऊक नाही.